गणिताच्या वहीवर आरएनए: हिमोग्लोबिनचा उतारा हाताने काढून पाहूया

रक्ताच्या रिपोर्टमध्ये कधीकधी एक ओळ असते: ‘रेटिक्युलोसाइट काउंट’, म्हणजे नव्या तांबड्या पेशींची मोजणी. पुढे एखादा टक्क्यांचा आकडा आणि शेजारी नॉर्मल रेंज. लोक हिमोग्लोबिन बघतात, प्लेटलेट्स बघतात आणि कागदाची घडी करून पिशवीत टाकतात. त्या ओळीत मोजलेला असतो तो आरएनए, तुमच्याच रक्तातला. जुन्या पद्धतीत तर तो साध्या मायक्रोस्कोपखाली, निळ्या रंगात, डोळ्यांनी दिसतो.

परळच्या एका लॅबमध्ये अकरा वर्षं मी अशा स्लाइड मोजल्या. आता लालबागला बारावीच्या मुलांना बायोलॉजी शिकवते. मुलांना ‘डीएनएपासून आरएनए, आरएनएपासून प्रथिन’ हे वाक्य तोंडपाठ असतं. पण एखाद्याला फळ्याशी बोलावून ‘बनव बरं एक प्रथिन’ म्हटलं की खडू हातातच राहतो. शिवाय त्या वाक्यामुळे आरएनए म्हणजे नुसता निरोप्या, इकडचं तिकडे नेणारा, असा समज घट्ट बसतो. पेशीत निरोप वाचणारा, नको ते कापणारा, अमिनो आम्लं जोडणारा आणि वेळ आली की निरोप थोपवणाराही आरएनएच असतो. हे सांगून पटत नाही, एकदा हाताने करून बघावं लागतं. म्हणून खालच्या पायऱ्या लिहिल्या आहेत. बारावीच्या मुलांना त्या उपयोगी पडतीलच, पण शाळा सुटून वीस वर्षं झालेल्या आईबाबांनाही जमतील.

लागणारं सामान: चौकटीची गणिताची वही, चार रंगांची पेनं, पेन्सिल, कात्री, सेलोटेप आणि बारावीच्या पुस्तकातला कोडॉनचा, म्हणजे तीन-तीन अक्षरांच्या गटांचे अर्थ सांगणारा, तक्ता. दोन-अडीच तास हाताशी ठेवा. पट्ट्या कापायला लागलात की पंखा बंद करा. आमच्या वर्गात एकदा इंट्रॉन (तो पायरी ४ मध्ये भेटेल) उडून खिडकीबाहेर गेला होता आणि ती पट्टी पुन्हा पहिल्यापासून लिहावी लागली.

पायरी १: अक्षरांची ओळख

आरएनए म्हणजे रायबोन्यूक्लिइक आम्ल. ही एक साखळी असते. तिच्या प्रत्येक कडीत एक साखर, एक फॉस्फेट आणि एक बेस असतो. बेस चार: ए, यू, जी, सी. डीएनएत यू नसतो, त्याच्या जागी टी असतो. चौघांना चार रंग द्या. टी आणि यूला एकच रंग ठेवा, कारण दोघेही जोडी लावतात ती एशीच. जीची जोडी सीशी.

वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवा: ‘आरएनएच्या साखरेवर एक ओएच जास्त.’ रायबोज साखरेच्या दुसऱ्या कार्बनवर ऑक्सिजन-हायड्रोजनची ही जोडी असते, डीएनएच्या साखरेवर ती नसते. फरक एवढासाच, पण दोघांचं आयुष्य त्याने वेगळं झालं. हा ओएच शेजारच्याच फॉस्फेटवर हल्ला करून साखळी तोडू शकतो. म्हणून डीएनए हजारो वर्षं जुन्या हाडांतूनही मिळतो, आणि आरएनए टेबलावर विसरलात तर तास-दोन तासांत हातचा जातो.

त्यात भर आरएनएज या एन्झाइमची. ते आपल्या घामात असतं, थुंकीत असतं, बोटांवर असतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका नमुन्यातून आरएनए वेगळा केला. संध्याकाळी उशीर झाला होता, आणि शेवटच्या नळीचं झाकण मी ग्लोव्ह न घालता उघडलं. दुसऱ्या दिवशी जेलवर, म्हणजे आरएनए लांबीनुसार वेगळे करणाऱ्या थरावर, बाकीच्या नळ्यांच्या दोन ठळक पट्ट्या दिसत होत्या, वर २८एस आणि खाली १८एस नावाच्या आरएनएची. माझ्या त्या नळीच्या जागी वरून खालपर्यंत नुसता धुरकट ओघळ होता. नमुना पुन्हा मिळण्यासारखा नव्हता. कॉलेजच्या प्रॅक्टिकलला आरएनए काढणार असाल तर ग्लोव्ह, बर्फ आणि नवं टिप-बॉक्स यांत काटकसर करू नका.

मुलं नेहमी विचारतात की डीएनएत टी का आणि आरएनएत यू का. सी हा बेस अधूनमधून आपोआप बिघडतो आणि त्याचा यू होतो. डीएनएत यू दिसला की दुरुस्ती करणाऱ्या यंत्रणेला लगेच कळतं की ही चूक आहे, आणि ती तो काढून टाकते. मुळातच यू वापरला असता तर खरा यू कुठला आणि बिघडलेला सी कुठला हे ओळखता आलं नसतं. आरएनएची प्रत थोड्या वेळासाठी असते, तिला हा खर्च परवडत नाही आणि लागतही नाही.

पायरी २: मूळ दप्तर

गावाकडच्या जमिनीचा सातबारा काढायला गेलात तर मूळ दप्तर कुणी तुमच्या हातात देत नाही, तुम्हाला मिळतो तो उतारा. पेशीतही तसंच आहे. डीएनए केंद्रकातच राहतो आणि जेवढं हवं तेवढ्याच भागाचा उतारा बाहेर पाठवला जातो. तो उतारा म्हणजे संदेशवाहक आरएनए, म्हणजेच एम-आरएनए.

आपण घेऊया हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीचं जनुक. ते अकराव्या गुणसूत्रावर आहे आणि लांबी साधारण १,६०० अक्षरांची. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी ज्यावरून उतारा निघतो तो साचा धागा. वहीत एका चौकटीत एक अक्षर याप्रमाणे त्याची ही सुरुवात लिहा. धाग्याच्या दोन टोकांना नावं असतात: डाव्या टोकाला ‘३ प्राइम’ आणि उजव्या टोकाला ‘५ प्राइम’ लिहायला विसरू नका:

टीएसी – सीएसी – जीटीए – जीएसी – टीजीए – जीजीए – सीटीसी – सीटीसी – टीटीसी – एजीए

मी तीन-तीनचे गट पाडून दिले आहेत ते फक्त तुमच्या डोळ्यांच्या सोयीसाठी. डीएनएत अशा रेघा नसतात.

पायरी ३: उतारा काढा

आता खालच्या ओळीत जोडीची अक्षरं लिहा. टीखाली ए, सीखाली जी, जीखाली सी, आणि एखाली टी नाही, यू. पेशीत हे काम आरएनए पॉलिमरेज-२ हे एन्झाइम करतं आणि लिहिताना नेहमी ५ प्राइमकडून ३ प्राइमकडे जातं. तुमची ओळ अशी आली पाहिजे:

एयूजी – जीयूजी – सीएयू – सीयूजी – एसीयू – सीसीयू – जीएजी – जीएजी – एएजी – यूसीयू

या कामाचा वेग मिनिटाला दोन-तीन हजार अक्षरांच्या आसपास असतो. आपलं जनुक लहान आहे, मिनिटभरात होतं. स्नायूंमधल्या डिस्ट्रॉफिन या प्रथिनाचं जनुक वीस लाखांहून अधिक अक्षरांचं आहे. त्याचा एक उतारा पूर्ण व्हायला सोळा तासांच्या घरात वेळ जातो.

पायरी ४: कच्चा उतारा पक्का करा

या पायरीवर घाई करू नका. पुस्तकात हिला चार ओळी दिलेल्या असतात, पण मुंबईतल्या कितीतरी घरांचं दुखणं नेमकं इथे आहे.

कच्च्या उताऱ्यावर तीन संस्कार होतात. डाव्या टोकाला उलटा जोडलेला जी, म्हणजे टोपी. उजव्या टोकाला दीड-दोनशे ए सलग, म्हणजे शेपूट. दोन्हींमुळे उतारा लवकर तुटत नाही आणि बाहेर रायबोसोमला, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राला, तो ओळखता येतो. पट्टीवर टोपीचं चित्र काढा, शेपटाला दहा-बारा ए पुरे.

तिसरा संस्कार कापाकापीचा. बीटा जनुकात कामाचे तीन भाग आहेत, एक्सॉन. त्यांच्यामध्ये दोन बिनकामाचे भाग आहेत, इंट्रॉन. पहिला इंट्रॉन सुमारे १३० अक्षरांचा, दुसरा सुमारे ८५०. ते काढून टाकल्यावर शेपूट सोडून सव्वासहाशेच्या आसपास अक्षरं उरतात. वेगळ्या पट्टीवर हा सांधा लिहा, इंट्रॉन वेगळ्या रंगाच्या चौकटीत:

जीजीसी – एजी | जीयूयूजीजीयू … … यूयूएजी | जी – सीयूजी – सीयूजी

इंट्रॉनची सुरुवात जीयूने होते आणि शेवट एजीने, ही त्याची खूण. आता कात्रीने इंट्रॉन बरोबर रेघेवर कापा आणि दोन टोकं सेलोटेपने जोडा. वाचा: जीजीसी – एजीजी – सीयूजी – सीयूजी. तिसावं कोडॉन एजीजी होतं आणि ते इंट्रॉनने मधोमध तोडलेलं होतं. दोन अक्षरं अलीकडे, एक पलीकडे. तुमची कात्री एक चौकट सरकली असती तर पुढचं सगळं वाचन चुकलं असतं. ही पट्टी प्रत्येक मुलाने स्वतःच कापावी असा माझा आग्रह असतो, कारण एवढ्या अचूकतेची जाणीव कापणाऱ्या हातालाच होते.

कात्री कुठे लावायची हे कोण ठरवतं? यू-१ नावाचा एक छोटा आरएनए. तो आपली अक्षरं उताऱ्याच्या अक्षरांशी जुळवून सांधा शोधतो. जुळवून पाहूया. वर उतारा, खाली यू-१:

सीएजी – जीयूयू – जीजीयू
जीयूसी – सीएयू – यूसीए

जोड्या मोजा. नऊपैकी सात जागी सरळ जोडी लागते. यू-१ मधल्या काही यूंचं रूप थोडं बदललेलं असतं, पण जोडी ते एशीच लावतात. आता इंट्रॉनचं पाचवं अक्षर, म्हणजे वरच्या ओळीतलं शेवटून दुसरं, जी खोडून सी करा. पुन्हा मोजा. सहाच उरतात. यू-१ची पकड ढिली पडते, कात्री आजूबाजूच्या चुकीच्या जागी लागते आणि बरोबर कापलेले उतारे थोडेच निघतात. उतारा नाही तर बीटा साखळी नाही. हा बीटा थॅलेसेमिया आहे, आणि भारतात तो घडवणाऱ्या बदलांमध्ये हाच एका अक्षराचा बदल सगळ्यांत जास्त आढळतो. प्रथिनाचं एकही अक्षर त्यात बदललेलं नसतं. बिघडलेला असतो तो फक्त आरएनए कापण्याचा इशारा.

परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था आहे, तिथे या आजारांवर अनेक वर्षं काम चाललं आहे. त्याच परिसरात मी पहिल्यांदा थॅलेसेमियाची मुलं पाहिली. दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवायला येणारी, दप्तर बरोबर आणून सलाइनच्या स्टँडशेजारी गृहपाठ करणारी. एक आई मला म्हणाली होती, “ताई, दोघांचीही तपासणी लग्नाआधी करता येते हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही हो.” म्हणून इथे सांगते. नवरा-बायको दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक माणसाला स्वतःला सहसा काहीच त्रास नसतो. एचबीए-२ या हिमोग्लोबिनच्या प्रकाराचं प्रमाण दाखवणारी एचपीएलसी ही रक्ततपासणी एकदाच करायची असते. लग्न ठरतंय अशा कुणालाही हे नक्की सांगा.

पायरी ५: उतारा वाचा

पायरी ३ मधली पट्टी पुन्हा घ्या आणि कोडॉनच्या तक्त्यात एकेक तिकडी शोधा. एयूजी म्हणजे मेथिओनिन, आणि वाचायला सुरुवात करण्याची खूणही तीच. मग व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल, पुन्हा ग्लुटामिक आम्ल, लायसिन, सेरिन. पहिलं मेथिओनिन नंतर काढून टाकलं जातं, म्हणून मोजणी व्हॅलिनपासून धरतात. पूर्ण साखळी १४६ अमिनो आम्लांची. शेवट यूएयू – सीएसी – यूएए असा होतो, त्यातलं यूएए म्हणजे ‘थांबा’.

हा तक्ता कुणाला आयता मिळालेला नाही. १९६१ मध्ये निरेनबर्ग आणि मथाय यांनी नुसत्या यूंची साखळी पेशीच्या रसात टाकली आणि नुसत्या फिनाइलअॅलानिनची साखळी बाहेर आली. यूयूयूचा अर्थ असा लागला. अक्षरांचा ठरावीक क्रम असलेले आरएनए रसायनांतून तयार करून बाकीचे बरेच अर्थ लावण्यात मोठा वाटा होता हरगोविंद खुराना यांचा. निरेनबर्ग, खुराना आणि टी-आरएनएचा पूर्ण क्रम पहिल्यांदा वाचणारे हॉली, या तिघांना १९६८ चं नोबेल मिळालं.

टी-आरएनए म्हणजे काय हे समजायला एक अरुंद पट्टी घ्या, साधारण ७६ चौकटींची. खरा टी-आरएनए एवढाच असतो. ती स्वतःवरच दुमडत न्या, जिथे अक्षरांच्या जोड्या लागतात तिथे चिकटवा. तीन पाकळ्या आणि एक देठ तयार होतो. देठाच्या टोकाला अमिनो आम्ल, मधल्या पाकळीवर तीन अक्षरं. ग्लुटामिक आम्ल आणणाऱ्याच्या पाकळीवर सीयूसी लिहा आणि ती पट्टीवरच्या जीएजीला लावून बघा. बसते ना? उताऱ्याची भाषा आणि प्रथिनाची भाषा दोन्ही येणारा दुभाषा हाच.

हे सगळं जिथे घडतं तो रायबोसोम. माणसाच्या रायबोसोममध्ये चार आरएनए आणि ऐंशीच्या आसपास प्रथिनं असतात. खूप वर्षं समजूत होती की अमिनो आम्लं जोडण्याचं खरं काम प्रथिनंच करत असणार, आरएनए नुसता सांगाडा. २००० साली रायबोसोमची बारीक रचना उलगडली तेव्हा दिसलं की जोडणीच्या नेमक्या जागेपाशी प्रथिन नाहीच. तिथे आरएनए आहे, जोडतो तोच. या कामासाठी २००९ चं नोबेल ज्या तिघांना मिळालं त्यांत चिदंबरमला जन्मलेले वेंकटरामन रामकृष्णन होते. आरएनए एन्झाइमचं काम करू शकतो हे त्याआधीच चेक आणि ऑल्टमन यांनी दाखवून दिलं होतं, त्यांना १९८९ चं नोबेल. तुमच्या अंगातलं प्रत्येक प्रथिन आरएनएने जोडलेलं आहे. दर वर्षी नव्या वर्गाला हे सांगताना मी आजही थोडी थांबते.

म्हणूनच पेशीतला सगळा आरएनए गोळा केला तर त्यात संदेशवाहक फक्त काही टक्के निघतो. ऐंशी टक्क्यांच्या आसपास असतो तो रायबोसोमचा. माझ्या जेलवरच्या दोन ठळक पट्ट्या त्याच्याच होत्या.

पायरी ६: मुद्दाम चुका करा

पट्टीच्या तीन प्रती काढा.

पहिलीत सातव्या तिकडीतला, म्हणजे पहिल्या जीएजीमधला, शेवटचा जी खोडून ए करा. जीएए. तक्त्यात बघा, ग्लुटामिक आम्लच. काही बिघडलं नाही.

दुसरीत त्याच तिकडीतला मधला ए खोडून यू करा. जीयूजी म्हणजे व्हॅलिन. मेथिओनिन सोडून मोजलं तर सहावी जागा. हा सिकलसेल. ग्लुटामिक आम्लाला पाणी आवडतं, व्हॅलिनला नाही. ऑक्सिजन कमी झाला की ही हिमोग्लोबिनं एकमेकांना चिकटून लांब काड्या बनतात आणि गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. पालघर, नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासी पाड्यांवर हा आजार किती घरांत आहे हे तिथे काम करणाऱ्या कुणालाही विचारा. थोडं चाललं की धाप, अंग ठणकणं, लहान मुलाच्या हातापायांना सूज. एवढं सगळं १४६ पैकी एका जागेपायी.

तिसऱ्या प्रतीला आणखी अक्षरं लागतील. यूसीयूच्या पुढे हे जोडा:

जीसीसी – जीयूयू – एसीयू – जीसीसी – सीयूजी – यूजीजी – जीजीसी – एएजी – जीयूजी – एएसी – जीयूजी – जीएयू – जीएए

आता एएजी आणि यूसीयू यांच्यामध्ये एक जादा जी घुसवा आणि तिथून पुढे तीन-तीनचे गट नव्याने पाडा. जीयूसी, यूजीसी, सीजीयू, यूएसी… सगळी अमिनो आम्लं बदलत जातात आणि बाविसाव्या जागी यूजीए येतं. तेही ‘थांबा’च. साखळी तिथेच तुटते. भारतात आढळणाऱ्या थॅलेसेमियाचा हा आणखी एक प्रकार. मुलांना मी उत्तर आधी सांगत नाही, गट पाडू देते. यूजीए सापडल्यावर वर्गात जी शांतता होते तिच्यासाठी हा सगळा खटाटोप.

पायरी ७: आरएनए डोळ्यांनी बघा

ही पायरी कॉलेजच्या किंवा लॅबच्या मायक्रोस्कोपवर, शिकलेल्या माणसाच्या देखरेखीखालीच करायची. रक्ताशी घरी खेळायचं नाही.

तांबडी पेशी अस्थिमज्जेत तयार होताना शेवटी आपलं केंद्रक बाहेर टाकून देते. मूळ दप्तरच गेलं, आता नवा उतारा निघणार नाही. पण आधी काढलेले उतारे आणि रायबोसोम आत शिल्लक असतात, आणि ग्लोबिनचा एम-आरएनए चांगलाच टिकाऊ असतो. त्यांच्या बळावर ती पेशी आणखी दोन-तीन दिवस हिमोग्लोबिन बनवत राहते, त्यातला शेवटचा दिवसभर रक्तात फिरताना. हीच रेटिक्युलोसाइट. मग आरएनए संपतो, आणि उरलेले सुमारे १२० दिवस ती पेशी साठलेल्या हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन वाहते. एका पेशीत त्याचे सुमारे सत्तावीस कोटी रेणू असतात.

ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीतलं रक्त आणि न्यू मेथिलीन ब्लू हा रंग सारख्या प्रमाणात घ्या, दोन-दोन थेंब पुरेत. हलकेच मिसळून ३७ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा. पुन्हा एकदा हलवा, कारण या पेशी हलक्या असतात, वर तरंगतात. काचेवर पातळ थर, म्हणजे स्मिअर, ओढा आणि हवेवर वाळवा. तेलाच्या लेन्सखाली बघा. फिकट हिरवट-निळसर चकत्यांच्या गर्दीत मधूनच एक चकती अशी दिसते की आत कुणी गर्द निळ्या दोऱ्याची गुंतवळ ठेवली आहे. ती जाळी म्हणजे रंगाने गोळा झालेला रायबोसोमचा आरएनए. काही पेशींत भरगच्च जाळं, काहींत दोन-तीन ठिपकेच. ठिपकेवाली पेशी म्हातारी, आरएनए संपत आलेली. हजार तांबड्या पेशींत अशा किती ते मोजा. निरोगी मोठ्या माणसात साधारण पाच ते पंचवीस सापडतात.

निळा ठिपका दिसला म्हणून लगेच मोजू नका. रंग गाळलेला नसेल तर त्याचेच कण पेशीवर बसतात. फोकस किंचित वर-खाली करा. कण पेशीच्या वर चमकतो, जाळी पेशीच्या आतच राहते.

लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर हिमोग्लोबिन वाढायला आठवडे लागतात, पण रेटिक काउंट सात ते दहा दिवसांत उसळी घेतो. औषध लागू पडतंय की नाही हे आधी आरएनए सांगतो, म्हणून डॉक्टर ती तपासणी लिहून देतात.

पायरी ८: थोपवणारा आरएनए

ही पायरी छोटी आहे. पट्टीवरच्या कुठल्याही आठ अक्षरांना जोडीदार अशी एक चिमुकली पट्टी बनवा आणि वरून चिकटवा. खऱ्या सूक्ष्म-आरएनएची लांबी बाविसाच्या आसपास असते. तो एका प्रथिनाच्या कुशीत बसून जुळणारा उतारा शोधतो. मग त्या उताऱ्याचं वाचन थांबतं किंवा तो मोडीत निघतो. १९९३ मध्ये अॅम्ब्रोस आणि रुव्हकुन यांच्या प्रयोगशाळांनी हा प्रकार एका इवल्याशा कृमीत शोधला. त्याचं नोबेल त्यांना २०२४ मध्ये मिळालं. दुहेरी आरएनए टाकून जनुकाचं तोंड बंद करता येतं हे फायर आणि मेलो यांनी १९९८ मध्ये दाखवलं आणि त्यावरून औषधं निघाली. त्यातलं पहिलं, पॅटिसिरान, २०१८ मध्ये मंजूर झालं.

पायरी ९: परका उतारा, आणि उलट लेखन

पावसाळ्यात मुंबईतल्या दवाखान्यांत ‘एनएस-१ करून घ्या’ हे वाक्य रोज ऐकू येतं. डेंग्यूचा विषाणू म्हणजे सुमारे अकरा हजार अक्षरांचा एक आरएनए आणि त्याभोवतीचं वेष्टन. डासाच्या सोंडेतून तो आत येतो आणि पेशीत शिरला की थेट वाचायला तयार असतो. त्याला टोपीसुद्धा असते, पायरी ४ मधल्यासारखीच. आपला रायबोसोम आपपर करत नाही. तो एक लांब प्रथिन बनवतो आणि त्याचे दहा तुकडे होतात. त्यातला एक एनएस-१. चाचणीच्या पट्टीवर उमटणारी रेघ म्हणजे आपल्याच पेशींनी परक्या उताऱ्यावरून बनवलेलं प्रथिन.

एम-आरएनए लस याच वाटेने जाते, फक्त तिच्यात आख्खा विषाणू नसतो, एकाच प्रथिनाचा उतारा असतो. ‘ती आमच्या डीएनएत लिहिली जाईल का?’ असं पालक काळजीने विचारतात. नाही. ती पेशीद्रव्यातच वाचली जाते, केंद्रकात जात नाही, आणि काही दिवसांत तुटून जाते. पायरी १ चा तो ओएच आठवा. यूच्या जागी त्याचं थोडं बदललेलं रूप वापरलं तर शरीर या आरएनएवर चवताळून उठत नाही, हे कॅरिको आणि वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं होतं. २०२३ चं नोबेल त्यासाठीच.

आता शेवटचं काम. आरटी-पीसीआरमधलं आरटी म्हणजे उलट लेखन, आरएनएवरून डीएनए. पीसीआरला प्रती काढता येतात त्या डीएनएच्याच, म्हणून विषाणूचा आरएनए आधी डीएनएत उतरवावा लागतो. हे करणारं एन्झाइम टेमिन आणि बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये शोधलं. तुमची पायरी ३ ची पट्टी घ्या आणि तिच्याखाली डीएनएची जोडी लिहा, एखाली टी, यूखाली ए. पायरी २ चा साचा धागा जसाच्या तसा परत आला पाहिजे. मग पायरी ४ मधली, सेलोटेप लावलेली पट्टी घेऊन तेच करा. या वेळी मिळालेल्या डीएनएत इंट्रॉन कुठेच नसेल. बीटा जनुकाचा असा डीएनए गुणसूत्रावर सापडत नाही, तो कुणीतरी पक्क्या उताऱ्यावरूनच बनवलेला असतो, आणि प्रयोगशाळेत तो याच खुणेवरून ओळखतात.

मेळ लागला नाही तर पट्टीत आधी टी शोधा. दहापैकी नऊ वेळा यूच्या जागी सवयीने टी लिहिलेला असतो.